बेचाळीस दिवस

३ जून

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आज अकरावा दिवस. तेवीस मेच्या संध्याकाळी शेवटची सिगरेट ओढली, उरलेलं पाकीट नळाखाली धरलं, आणि तेव्हापासून या पठ्ठ्याने एकीलाही हात लावलेला नाही. तू वीस वर्षं कानीकपाळी ओरडलीस ते ऐकलं नाही; ऐकलं ते शेवटी छापखान्यात तपासणीला आलेल्या एका पोरगेल्या डॉक्टरचं. रक्तदाबाचा पट्टा सोडता सोडता त्याने विचारलं, "घरात कुणाला झटका वगैरे?"

"वडिलांना. उजवं अंग गेलं, वाचा गेली. चार वर्षं अंथरुणात होते."

"ओढायचे?"

"माझ्याइतकीच."

"झटका आला तेव्हा वय?"

"छप्पन्न."

"आणि तुमचं?"

"चोपन्न."

पुढे तो काही बोललाच नाही, नुसता लिहीत राहिला. अगं, त्याने काहीतरी बोलायला हवं होतं.

सोडली तर खरी, पण डोकं ओल्या कापसाने भरल्यासारखं झालंय. शाळेच्या भूगोलाची प्रुफं पुढ्यात आहेत. एक ओळ चारदा वाचतो आणि पाचव्यांदा वाचताना वाटतं, ही ओळ पहिल्यांदाच बघतोय. माझं पोटच मुळात डोळ्यांवर चालतं. एकतीस वर्षांत काना-मात्रा चुकवली नाही असं मी स्वतः म्हणत नाही, फोरमन म्हणतो. आणि आता 'नदी'तली दी ऱ्हस्व की दीर्घ, यावर मी थबकतो! परवा मासोळीवर ओरडलो. का, तर तिने तलावावर मुलांना पोहायला शिकवून आल्यावर गळ्यातली शिट्टी टेबलावर ठेवली, तिचा आवाज झाला. पोरीने शिट्टी उचलली आणि गुपचूप आत गेली. आई नसलेल्या पोरीवर ओरडलो की दिवसभर घास उतरत नाही, तसंच झालं.

तू सगळा जन्म वॉर्डात काढलास. मला एकच सांग, हे सोडल्यामुळेच होतंय ना? की बाबांसारखं काही सुरू झालंय?

तुझा,
खडू

*

८ जून

चि. खडूस,
अनेक आशीर्वाद.

(नाव खडू, त्याला 'स' प्रत्यय. लहानपणी पाटीवरचे खडू खायचास म्हणून पडलेलं नाव. पण मासोळीवर ओरडलास म्हणजे हल्ली तो 'स' नावातच धरला तरी चालेल असं दिसतंय.)

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्यांदा हसू. खरंच सोडलीस रे! फोन करावासा वाटला, पण माझ्या कानांना आता फोन झेपत नाही. पलीकडचा माणूस बोलतो आणि मला नुसती गुणगुण ऐकू येते. तेव्हा पत्रच बरं.

आता नीट ऐक. धूर ओढलास की पंधरा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. तिथे त्याला बसायला जागा असतात. मुळात त्या मेंदूच्या स्वतःच्या निरोपांसाठी असतात, पण हे आगंतुक येऊन तिथे बसतं. रोज वीस वेळा पाहुणा यायला लागला की मेंदू बिचारा जागा वाढवत नेतो. तू तीस वर्षं त्या वाढवल्यास. आता पाहुणा येणं बंद झालं आणि त्या सगळ्या रिकाम्या जागा मिळून कलकलाट करतायत. म्हणून चिडचिड, म्हणून लक्ष न लागणं. आजवर तुला वाटायचं की सिगरेटने डोकं तल्लख होतं. तसं नव्हतं रे. तिनेच आणलेली मरगळ ती तासाभरापुरती घालवायची, एवढंच. हा कलकलाट दोन-तीन आठवडे जोरात असतो, मग उतरत जातो. बारा आठवड्यांनी तू मला लिहिशील की ताई, तू म्हणालीस तसंच झालं.

तेव्हा यापुढे डोक्याचं जे काही होईल, विसरणं, चिडणं, शब्द न सापडणं, ते सगळं सोडल्याचंच आहे असं समज आणि घाबरू नकोस. पाणी पी, चाल, खिशात लवंग ठेव.

बाबांचं मनात आणू नकोस. त्यांनी कधी सोडलीच नव्हती.

तुझी,
ताई

*

२५ जून

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

आज तेहेतिसावा दिवस. तुझं पत्र टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. मन खचलं की वाचतो.

एक गोष्ट सांगायची आहे, आणि लिहिताना लाज वाटतेय. आमच्याकडे औषधांच्या खोक्यात घालायची घडीची पत्रकं छापतात, तुला माहीत आहे. गेल्या आठवड्यात तान्ह्या मुलांच्या तापाच्या थेंबांचं पत्रक होतं. मूळ कागदावर 'अर्धा मिलिलिटर', म्हणजे शून्य दशांश पाच. प्रुफात शून्य आणि टिंब गळून नुसता पाच उरला होता. मी त्याच्याखाली सही केली. सही, ताई! यंत्रावर पहिले कागद आल्यावर फोरमनने सहज एक उचलला. त्याच्या नातवाला नुकताच ताप येऊन गेला होता, म्हणून त्याची नजर तिथे गेली. त्याने यंत्र थांबवलं, कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि त्या आकड्यावर बोट ठेवून नुसता उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

ते बोट अजून डोळ्यांपुढून हलत नाही. दहापट औषध. कुठलं तरी बाळ, कुठली तरी आई चमच्यात मोजून घालतेय.

नंतर जिन्यात फोरमन हळूच म्हणाला, "एक ओढ बाबा, आणि पहिल्यासारखा हो. तुझं ते सोडणं आम्हा सगळ्यांना महागात पडेल." मी हसून वेळ मारून नेली.

बाकी ठीक. मंगळवारी सकाळी एक गंमत झाली. मासोळीला म्हणायचं होतं चष्मा दे, आणि 'चष्मा' हा शब्दच येईना. जिभेवर नाही आणि डोक्यातही नाही. म्हटलं, "ते डोळ्यांचं दे." ती हसायला लागली. पाच-दहा मिनिटांनी शब्द आपसूक परत आला. तुझं पत्र नसतं तर तडक डॉक्टरकडे धावलो असतो. पण तू आधीच लिहिलं होतंस, हे सोडल्याचंच म्हणून. तेव्हा घाबरलो नाही.

तुझा,
खडू

*

३० जून

चि. खडूस आशीर्वाद.

थट्टा पुरे. ही गंमत नव्हे.

मी जे लिहिलं होतं ते रोजच्या विसरण्याबद्दल होतं. धडधाकट माणसाच्या तोंडून घरातल्या वस्तूचं नाव अचानक नाहीसं होतं आणि दहा मिनिटांनी परत येतं, त्याबद्दल नव्हतं. तशी ओळ मी लिहायलाच नको होती. दुसरं म्हणजे तुझं अक्षर. पाच ओळींनंतर ते उतरत गेलंय. तुझ्या ओळी पट्टी न लावता सरळ येतात, हे मला तुझ्या पहिलीपासून ठाऊक आहे.

मला तीन प्रश्नांची उत्तरं हवीत. त्या मंगळवारी उजव्या हातात काही जाणवलं का? मुंग्या, जडपणा, हातातून काही पडलं? तोंड वाकडं झालं का? आणि असं एकदाच झालं की आधीही?

बाबांचंही असंच होतं. झटक्याच्या महिनाभर आधी त्यांच्या हातातून दाढीचं सामान पडलं होतं. आई म्हणाली दमलेत. मी तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते, मीही म्हटलं दमले असतील. सिगरेटने मेंदूकडे जाणाऱ्या नळ्या आतून खरखरीत होतात, रक्त दाट होतं, मग कुठेतरी बारीक गाठ अडकते. सुटली तर दहा मिनिटांत सगळं जागेवर. नाही सुटली तर बाबांसारखं. सोडल्यावर हा धोका उतरत जातो, पण एका महिन्यात शून्यावर येत नाही. म्हणून विचारतेय. उद्याच्या उद्या डॉक्टरला दाखव.

पत्र पोचायला तीन-चार दिवस लागतात, माझ्याच्याने तेवढं थांबवेना. म्हणून शेजारणीला तुझ्याकडे फोन करायला लावला. मासोळी म्हणाली, बाबा ठीक आहेत, कामावर निघालेत. तिला शेजारणीकरवी सांगून ठेवलंय की पुन्हा शब्द गेला किंवा हात पडला, तर आधी घड्याळ बघायचं, कारण गाठ विरघळवायचं औषध ठरावीक तासांतच देता येतं, आणि तडक हॉस्पिटल गाठायचं. 'जरा पडा, बरं वाटेल' असं म्हणायचं नाही.

जीव टांगणीला लागलाय. खरं लिही.

ताई

*

४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. तू पण ना! राईचा पर्वत करायचा तर करायचा, त्यात शेजारणीलाही चढवलंस. मासोळी तीन दिवस माझ्याकडे अशी बघतेय जणू मी तलावाच्या खोल बाजूला उभा आहे.

उत्तरं: नाही, नाही आणि नाही. हात ठणठणीत आहे. आज बेचाळिसावा दिवस, आणि तुझ्या बारा आठवड्यांपैकी निम्मे झाले. परवापासून भूगोल संपवून व्याकरणाचं पुस्तक घेतलंय. पुढच्या आठवड्यात डॉक्टरलाही दाखवतो, तुझ्या समाधानासाठी. आता तू तुझी खिडकी घे आणि शांतपणे खिडकी

ताई हे जरा पेन नीट पेन नदी होत नाही मी तुला ते म्हणत होतो की ते

*

६ जुलै

प्रिय आत्या,
नमस्कार.

सोबत बाबांचं पत्र आहे. टेबलावर अर्धवट पडलं होतं. आधी वाटलं पाठवू नये, मग वाटलं तू बघायला हवंस. शेजारणीच्या फोनवर हे सांगायला जीभ वळेना, म्हणून लिहिते.

ते जिवंत आहेत. हे आधी लिहायला हवं होतं.

शनिवारी सकाळी मी तलावावर जायला निघाले होते. बाबा टेबलाशी तुला पत्र लिहीत होते. पेन पडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "बाबा, पेन." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलले. आवाज त्यांचाच होता, पण शब्द कुठलेच नव्हते. उजवा हात मांडीवर पडला होता, जणू दुसऱ्या कुणाचा. मी घड्याळ बघितलं. नऊ पंचवीस. मग खालच्या मजल्यावरच्या शिक्षकांना हाक मारली, त्यांच्या गाडीतून नेलं. दहाला पाच कमी असताना आम्ही पोचलो होतो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, किती वाजता? मला सांगता आलं. बाकी काही मी धड केलं नाही.

मेंदूचा फोटो काढला. डाव्या बाजूला गाठ अडकली आहे, फार मोठ्या भागात नाही म्हणाले. उजवा हात थोडा हलतोय. बोलणं अजून नाही. डोळ्यांनी सगळं कळतं. मी उशी हलवली की डोळे मिटून 'बरं' म्हणतात.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. डॉक्टरांनी विचारलं, "सिगरेट?" मी म्हटलं, "सोडून सहा आठवडे झाले." तेवढ्यात नर्सने बाबांचा शर्ट घडी करायला उचलला आणि खिशातून पाकीट पडलं. चार उरल्या होत्या.

आत्या, मला माहीत होतं. तेरा जूनपासून माहीत होतं. त्या दिवशी छापखान्यातून आले तेव्हा शर्टाला वास होता. मी विचारलं तर म्हणाले, "एकच. ताईला कळवू नकोस, ती आनंदात आहे." मग एकीच्या पाच झाल्या, मग दहा. गच्चीवर जायचे. आणि चष्म्याच्या मंगळवारी मी हसले, हे खरं आहे. पण त्याच दिवशी त्यांच्या हातातून कॉफीचा कपही पडला होता. बाबा म्हणाले, कप निसरडा होता. शेजारणीच्या फोनवर मला हे दोन्ही सांगता आलं असतं. बाबा दारातच बूट घालत उभे होते, म्हणून मी "ठीक आहेत" म्हटलं.

मी तेव्हा बोलले असते तर?

मासोळी

*

९ जुलै

माझ्या मासोळीला अनेक आशीर्वाद.

हे पत्र तातडीच्या कुरिअरने उद्या सकाळीच तुला मिळेल; मी उद्या, शुक्रवारी, दुपारच्या गाडीने येतेय. स्टेशनवर कुणी येऊ नका, तू त्यांच्याजवळच थांब.

तू घड्याळ बघितलंस. माझ्या नोकरीच्या तीस वर्षांत मी मोठमोठ्या शहाण्यांना त्या वेळी घड्याळ विसरताना पाहिलंय. ते आधी पाणी पाजतात, मग पाय चोळतात, मग कुणातरी ओळखीच्या डॉक्टरला शोधत बसतात. तू अर्ध्या तासात पोचलीस.

'बोलले असते तर' हे तुझ्या एकटीच्या वाट्याचं नाही. त्याने मला खोटं सांगितलं, तू गप्प राहिलीस, आणि मी न बघता औषध दिल्यासारखं पत्रातून लिहून मोकळी झाले की सगळं सोडल्याचंच आहे. तो ते पत्र काचेखाली ठेवून वाचत होता. खिशात पाकीट आणि काचेखाली माझं पत्र! त्याला ठाऊक होतं की तो ओढतोय, म्हणजे चष्म्याचं कारण 'सोडणं' असूच शकत नाही. पण ते म्हणायचं तर ओढतोय हेही कबूल करावं लागलं असतं. तुझं पत्र वाचल्यापासून मला त्याचा राग आला, तुझा आला, सर्वांत जास्त माझा आला. आता कपडे भरतेय.

त्याच्याशी बोलत राहा. उत्तर येत नसलं तरी बोल. पण शब्द आठवायची परीक्षा घेऊ नकोस.

आत्या

*

२८ ऑगस्ट

चि. खडूस अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप पोचले. घराला कुबट वास येत होता, खिडक्या उघडून बसले आणि तुला लिहायला घेतलं.

सात आठवडे तुझ्याकडे राहिले. तू पहिल्यांदा 'पाणी' म्हणालास ते पाहिलं, जिना उतरलास ते पाहिलं, शब्दांच्या चित्रांवरून त्या बोलायला शिकवणाऱ्या बाईंशी भांडलास तेही पाहिलं. एवढं पाहून मी निर्धास्त निघायला हवं होतं. पण स्टेशनवर गाडी हलली तेव्हा तू खिडकीपाशी आलास, तोंड उघडलंस आणि मिटलंस. शब्द सापडत नव्हता तेव्हाचं तुझं तोंड मी आता ओळखते. हे तसं नव्हतं. शब्द सापडला होता आणि तू गिळलास.

गाडीत मला डोळा लागला नाही. नळ्यांची काळजी, गाठीची काळजी आहेच. पण मला त्याहून जास्त भीती तुझ्या गिळण्याची वाटते. जे काही असेल ते लिही. वेळ लागला तरी चालेल. मी रागावणार नाही असं वचन देत नाही. वाचेन एवढं नक्की.

ताई

*

१२ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र तीन दिवस लिहितोय. अक्षर वेडंवाकडं आहे, पण माझं आहे. एखादा शब्द अडला की उठून खोलीत एक फेरी मारतो, मग येतो. न आल्यास दुसरा लिहितो.

आधी हिशेबाचं. सत्तर दिवस झाले असं तू धरून चालली असशील. सत्तर नाहीत, एकोणीस आहेत. चोवीस ऑगस्टला दुपारी छापखान्यात गेलो होतो, फोरमनला सांगायला की यापुढे औषधांची पत्रकं मला देऊ नका, आणि बाकीचं मी वाचल्यावर दुसऱ्या कुणी वाचल्याशिवाय पुढे पाठवू नका. तो हो म्हणाला. फार पटकन हो म्हणाला. जिन्यात कुणीतरी पेटवलेली पुढे केली आणि मी घेतली. तू त्या वेळी घरात माझ्यासाठी भाजी निवडत होतीस. तीन झुरके. डोकं गरगरलं, भिंत धरली. पाचावर धारण बसली की आता पुन्हा हात जाणार. पाच बोटं एकेक करून हलवून बघितली. जिन्यातली माणसं बघत राहिली.

तुला सांगायचं होतं, चार दिवस झालं नाही. स्टेशनवर तेच गिळलं.

गाडी गेल्यावर घरी आलो आणि मासोळीला सांगितलं. ती तलावाचे टॉवेल वाळत घालत होती. तिचा हातातला चिमटा टॉवेलला लावायचा राहून गेला. मला वाटलं, आता सांगतोच आहे तर दुसरंही सांगून टाकावं. ते तुलाही ठाऊक नाही. तू तर समजतेस माझा पहिला शब्द 'पाणी' होता.

हॉस्पिटलातला सातवा दिवस. तू संध्याकाळी पोचणार होतीस. दुपारी मासोळी माझ्या पायांशी बसून तलावावरच्या गमती सांगत होती. एक जाडा माणूस पाण्यात उतरायला कसा घाबरतो, वगैरे. माझ्या डोक्यात सगळं होतं गं. तिचं नाव होतं, तुझं होतं, तिच्या आईचंही होतं. मी जीव तोडून तिचं नाव बाहेर ढकलत होतो. आणि तोंडातून शब्द निघाला, स्पष्ट, खणखणीत: "सिगरेट."

सगळी भाषा गेली होती आणि तेवढी राहिली होती. मासोळी ताडकन उठली आणि बाहेर गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, मीही नाही. सात आठवडे मी मनातल्या मनात त्या दाराकडे बघत होतो. वाटायचं, पोरीला त्या दिवशी कळलं की बापाच्या मेंदूत आधी काय आहे आणि मग कोण.

हे सगळं मी तिला अडखळत सांगितलं. दोन ठिकाणी शब्द मिळाला नाही तर हाताने दाखवलं. म्हटलं, "मला आठवतंय मी काय बोललो. तू उठून गेलीस."

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "बाबा, मी नर्सला बोलवायला गेले होते. पळत गेले. पूर्ण वॉर्डभर ओरडत गेले, बाबा बोलले, बाबा बोलले."

"आणि डोळे?"

"सात दिवसांनी बोललात तुम्ही! डोळे लाल नाही तर काय हिरवे असणार? नर्सने विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. ती म्हणाली, शाबास, आणि मग आम्ही दोघी हसत सुटलो. हसता हसता मी रडले, ती पण."

"तुला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं," ती म्हणाली. "पण त्या दिवशी तुम्ही काहीही बोलला असतात तरी मी पळतच गेले असते."

तिने टॉवेलला चिमटा लावला. एक माझ्याकडे दिला. म्हणाली, "उजव्या हाताने."

मी लावला. दोनदा सुटला, तिसऱ्यांदा बसला.

तुझा,
खडू